पडून राहिलेला दगड

मराठी साहित्यात आकाशातून येणाऱ्या पाहुण्यांची वानवा नाही. कुसुमाग्रजांच्या 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेत धूमकेतू पृथ्वीच्या आराधकांच्या रांगेत उभा आहे. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत तो थेट पृथ्वीच्या अंगावर चालून येतो, आणि एकीकडे शास्त्रज्ञांची अणुस्फोटाची योजना व दुसरीकडे घरातला शांतियज्ञ असा सामना लागतो. एक प्रियकर, दुसरा शत्रू. पण दोघांचे काम एकच, येणे. आपण जागच्या जागी उभे राहायचे आणि त्यांनी यायचे किंवा हुकायचे. या लहान पिंडांकडे आपणच निघालो आहोत, तिथे पोचलो आहोत, आणि तिथली जमीन कशी आहे हे सांगतो आहोत, असे लेखन मराठीत शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही.

विदर्भात तर या 'येण्या'ला आधारही भक्कम आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर हे बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. त्याच्या वयाचे अंदाज पन्नास हजार वर्षांपासून पावणेसहा लाख वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. अगदी अलीकडे, २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, विदर्भातल्या आकाशातून पेटत्या रेघा गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष मानले जातात. त्या रात्री ज्यांनी ज्यांनी वर पाहिले त्यांच्या बोलण्यातही क्रियापद एकच होते : आले. आकाश हे आपल्या भाषेत अजून दिशा आहे, प्रदेश नाही.

हे सगळे मांडण्याचे निमित्त जरा अनपेक्षित आहे. काही महिन्यांपासून मी आणि माझे दोन-तीन विद्यार्थी संगणकावरच्या एका अंतराळयान-सिम्युलेटरमध्ये इटोकावा या लघुग्रहाच्या आसपास घुटमळत आहोत. साहित्याच्या माणसाने हा उद्योग का करावा, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्तही आहे. माझे उत्तर असे की सिम्युलेटर ही वाचण्याची वस्तू आहे. आणि मराठीत विज्ञानाविषयी ललित लिहिणाऱ्यांनी व त्यावर समीक्षा करणाऱ्यांनी ती वाचली नाही तर पुढच्या पिढीचा वाचक त्यांच्या हातून जाईल.

'ऑर्बिटर' हा तो सिम्युलेटर. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधले संशोधक मार्टिन श्वायगर यांनी तो २००० साली प्रथम प्रसिद्ध केला, पहिल्यापासून विनामूल्य ठेवला आणि २०२१ मध्ये त्याची संगणकीय संहिताही सर्वांसाठी खुली केली. यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, जिंकणे नाही. न्यूटनचे नियम आहेत आणि यान आहे. लहान लघुग्रह हौशी लोक स्वतः तयार करून त्यात जोडतात, आणि ही जोडणी साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. तिथे लघुग्रह म्हणजे साध्या मजकुराची एक छोटी फाइल असते. नाव, वस्तुमान, सरासरी त्रिज्या, स्वतःभोवती फिरण्याचा काळ, कक्षेचे घटक. दहा-पंधरा ओळी. त्यातला एक आकडा बदलला की तिथले सूर्योदय बदलतात. शब्दाने वस्तू निर्माण होते हे काव्यशास्त्राच्या तासाला आपण किती वेळा सांगतो. इथे ते अक्षरशः घडताना दिसते.

इटोकावाचे आकडे असे : लांबी ५३५ मीटर, रुंदी २९४, जाडी २०९. म्हणजे लोणारच्या विवरात असे तीन इटोकावा एकापुढे एक ठेवले तरी थोडी जागा उरेल. त्याचा दिवस सुमारे बारा तासांचा आणि वर्ष ५५६ दिवसांचे. जपानच्या अग्निबाण-विद्येचे प्रवर्तक हिदेओ इटोकावा यांचे नाव त्याला दिलेले आहे. जपानचे 'हायाबुसा' यान २००५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे पोचले, नोव्हेंबरमध्ये पृष्ठभागाला टेकले आणि अनेक बिघाडांतून तगत १३ जून २०१० रोजी पृथ्वीच्या वातावरणात परतून जळून गेले. मागे उरलेल्या कुपीत इटोकावाचे सुमारे पंधराशे सूक्ष्म कण होते. या यानावर जपानमध्ये तीन पूर्ण लांबीचे चित्रपट निघाले. (आपल्याकडे मंगळयानावर हिंदीत एक निघाला, मराठीत काय निघाले ते वाचकांनी आठवून पाहावे.)

ऑर्बिटरमध्ये तिथे जायचे तर पहिली गाठ पडते ती कंटाळ्याशी. पृथ्वीभोवतीची कक्षा सोडली की पुढे कित्येक महिने काहीही घडत नाही. तारे हलत नाहीत, सूर्य किंचित लहान होतो. सिम्युलेटरमध्ये काळाचा वेग दहापट, शंभरपट, थेट लाखपटीपर्यंत वाढवता येतो, आणि इथे कथनशास्त्र शिकवणाऱ्याचे कान टवकारावेत असे काहीतरी आहे. घटनेचा काळ आणि कथनाचा काळ यांतला फरक आपण जेरार झनेतच्या आधाराने फळ्यावर आकृत्या काढून समजावतो : इथे सारांश, इथे दृश्य, इथे वगळणे. ऑर्बिटर चालवणारा मुलगा हे निर्णय बोटाने घेतो. चार महिने तो चार मिनिटांत उरकतो. पण जसजसा दगड जवळ येतो तसतसा त्याला काळ हळू करावाच लागतो; नाही केला तर यान शेजारून निघून जाते आणि महिन्यांचा प्रवास वाया जातो. कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचे हा शैलीचा प्रश्न इथे इंधनाचा प्रश्न होऊन समोर येतो. कादंबरीतला संथ परिच्छेद संथ का असतो, हे त्या मुलाला पुन्हा सांगावे लागले नाही.

पोचल्यावर जे घडते त्याला मात्र कोणत्याच वाचनाने मला तयार केलेले नव्हते. इटोकावाचे वस्तुमान सुमारे साडेतीन कोटी टन. आकडा मोठा वाटतो, पण त्याचे आकर्षण जवळजवळ नसल्यासारखे आहे. साठ किलो वजनाचा माणूस तिथे अर्ध्या ग्रॅमचा भरेल, म्हणजे चिमूटभर मिठाइतका. सेकंदाला सतरा-अठरा सेंटिमीटर वेगाने वर निघालेली कोणतीही वस्तू तिथे परत येत नाही. आपले रोजचे चालणे याच्या कितीतरी पट वेगवान असते. तिथे साधे पाऊल टाकणे हेच प्रस्थान. हायाबुसाने बरोबर नेलेला 'मिनर्व्हा' नावाचा चिमुकला उड्या मारणारा यंत्रमानव याच कारणाने हरवला : १२ नोव्हेंबर २००५ रोजी तो सोडला गेला त्या क्षणी यान वर सरकत होते, तेवढा वेग त्याला पुरला, आणि तो लघुग्रहावर न पडता सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरू लागला. हे मी आधी वाचलेले होते. पण पडद्यावर यानाला निमिषभर जास्त धक्का दिला आणि दगड हळूहळू, कोणताही राग न धरता, दूर जाऊ लागला, तेव्हा ते कळले.

आता भाषेकडे येतो. इटोकावाच्या पृष्ठभागापासून शंभर मीटर उंचीवर यान स्थिर केले आणि सगळी इंजिने बंद केली, तर ते खाली टेकायला सुमारे अडतीस मिनिटे लागतात, आणि टेकताना त्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर असतो. कमरेच्या उंचीवरून सोडलेली किल्ली जमिनीवर यायला अडीच मिनिटे. आमच्यातला एक विद्यार्थी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला आणि अस्सल नागपुरी बोलीत म्हणाला, "पडून तं राहिलो सर, पण पडतच नाही."

वैदर्भी बोलीत चालू क्रिया 'करून राहिला' अशी सांगतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पुण्याच्या भाषेत ज्याला 'पडत आहे' म्हणतील त्याला इथे 'पडून राहिला' म्हणतात. प्रमाण मराठीत मात्र 'पडून राहिला' याचा अर्थ न हलता एका जागी आडवा राहिला असा होतो. याच द्व्यर्थावरून इथल्या मुलांची थट्टा झालेली मी अनेकदा पाहिली आहे. पण इटोकावाच्या आकाशात हे दोन अर्थ एकच होतात. यान पडते आहे आणि यान पडून आहे, या दोन विधानांत तिथे डोळ्यांना फरक दिसत नाही. खरे तर कक्षेत फिरणारी प्रत्येक वस्तू अशीच असते, चंद्रसुद्धा : सतत पडणारी आणि कधीच न पडणारी. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाला हे सांगायला आकृती आणि दोन परिच्छेद लागतात. वऱ्हाडी-नागपुरी क्रियापदाला ते एका शब्दयोजनेत साधते, आणि हे बोलीचे सामर्थ्य कुठल्या भाषाविज्ञानाच्या चर्चासत्रात माझ्या लक्षात आले नाही, ते आले एका दगडाजवळ.

सिम्युलेटरची भलामण करताना तो खोटे कुठे बोलतो हेही सांगायला हवे. ऑर्बिटरच्या मूळ हिशेबात प्रत्येक पिंड हा गोल असतो. फोबोससारख्या किंवा इटोकावासारख्या वेड्यावाकड्या पिंडांचे चित्र हुबेहूब काढता येते, पण टेकण्याचे गणित सरासरी त्रिज्येच्या गोलावर होते. शेंगदाण्याच्या आकाराचा इटोकावा आणि त्याच्या पोटात १६५ मीटर त्रिज्येचा एक अदृश्य चेंडू, अशी ही रचना. त्यामुळे लांबट टोकांना यान खडकात शंभर मीटर आत शिरूनही काही होत नाही, आणि चपट्या बाजूला ते जमिनीपासून साठ मीटर वर, जिथे हवाही नाही अशा हवेत, टेकून बसते. शिवाय इटोकावा हा एकसंध खडक नाहीच. तो गिट्टीचा सैल ढीग आहे, आत पुष्कळ पोकळी असलेला. बेन्नू नावाच्या अशाच एका लघुग्रहाला अमेरिकेचे यान २० ऑक्टोबर २०२० रोजी टेकले तेव्हा त्याचा हात सहज आत रुतत गेला. उलटी इंजिने सुरू झाली नसती तर यानच बुडाले असते असे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले. ही रुतण्याची जाणीव आमच्या पडद्यावर येत नाही. पण प्रतिमा आणि तिच्याखालचे गणित यांत पडलेली ही फट ज्याने एकदा पाहिली तो रूपकांकडेही सावधपणे पाहू लागतो, असा माझा अनुभव आहे.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. साठोत्तरी मराठी समीक्षेने अनुभवाच्या अस्सलतेला मध्यवर्ती स्थान दिले, आणि ते योग्यच केले. १९५६ च्या धर्मांतराच्या भूमीत, नागपुरात, साहित्य शिकवणाऱ्याला हा आक्षेप हलक्याने घेता येत नाही. जगलेल्या दुःखातून आलेल्या शब्दासमोर खुर्चीत बसून केलेल्या अंतराळप्रवासाची मातब्बरी ती काय? मी इतकेच म्हणेन की या दोहोंना एका तराजूत घालण्याचे कारण नाही. जिथे कोणताही मानवी देह अजून गेलेला नाही, अशा ठिकाणाचा जगलेला अनुभव कोणाकडेच नाही. तिथे प्रश्न उरतो तो कल्पनेच्या शिस्तीचा. मनात येईल ते योजणारी कल्पना आणि नियमांच्या विरोधाला तोंड देत पुढे सरकणारी कल्पना यांत फरक असतो. छंदात लिहिणाऱ्या कवीला तो माहीत असतो. ऑर्बिटरमधला लघुग्रह विरोध करतो. हवे तिथे उतरू देत नाही, हवे तेव्हा थांबू देत नाही. हा अनुभव जगण्याचा पर्याय नव्हे, पण दिवास्वप्नही नव्हे.

मराठी विज्ञानकथेची अडचण नेमकी इथे आहे असे मला वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तेव्हापासून हा प्रवाह वाढला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो पुढे नेला. आणि २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले तेव्हा त्याला प्रतिष्ठाही मिळाली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात गौरव पुष्कळ होता आणि कथारूपाची चिकित्सा थोडी. ती करायची तर असे म्हणावे लागते की या प्रवाहातल्या बऱ्याच कथांत एक जाणता बोलतो आणि एक अजाण ऐकतो. विज्ञान संवादातून सांगितले जाते, पात्रांच्या अंगाला ते लागत नाही. अपवाद आहेत, आणि सर्वांत मोठा अपवाद खुद्द नारळीकरांचा : 'उजव्या सोंडेचा गणपती'. तिथे अवकाशाची एक अवघड कल्पना गणपतीच्या सोंडेच्या दिशेत येऊन बसते, आणि मराठी घरात वाढलेल्या वाचकाला ती पुढचे स्पष्टीकरण वाचण्याआधीच पोचलेली असते. अशा कथा आणखी हव्या होत्या. गुरुत्व काय असते हे कथेतल्या प्राध्यापकाने समजावून सांगायचे दिवस आता सरले. समोरच्या बाकावरचा मुलगा काल रात्री ते बोटांनी चाचपून आलेला असू शकतो.

मात्र त्याच मुलाजवळ त्या ठिकाणाची भाषा नाही. पडद्यावरचा प्रत्येक शब्द इंग्रजी आहे. इंग्रजी नामे आणि नागपुरी क्रियापदे जोडून तो काम भागवतो, आणि वर उल्लेखिलेल्या वाक्याप्रमाणे कधीकधी बाजीही मारून जातो. जपानी अभियंत्यांनी इटोकावावरच्या जागांना आपल्या गावांची नावे दिली : सागामिहारा हे संशोधनसंस्थेचे शहर, उचिनौरा हे प्रक्षेपणाचे ठिकाण, आणि सर्वांत मोठ्या शिळेला योशिनोदाई, म्हणजे संस्थेच्या टपालाच्या पत्त्यातले नाव. पुढे २०१८ मध्ये त्यांचे दुसरे यान र्‍युगू या लघुग्रहाशी पोचले, तेव्हा तिथली नावे बालकथांमधून घेतली. र्‍युगू म्हणजे समुद्रतळीचा तो राजवाडा, जिथून उराशिमा नावाचा कोळी पेटी घेऊन परततो आणि पाहतो तो मधे युगे उलटून गेलेली. आपल्या पुराणांत ब्रह्मलोकाहून रेवतीला घेऊन परतणाऱ्या ककुद्मी राजाचीही अवस्था हीच. तेव्हा सामग्री आपल्यापाशी नाही असे कोणी म्हणू नये.

गद्याचा नमुनाही आहे, आणि तो विदर्भाचाच आहे. चक्रधरांचा संचार जिथे जिथे झाला त्या जागांची नोंद महानुभावांनी 'स्थानपोथी'त केली. गावाच्या कोणत्या बाजूला देऊळ, त्याचे तोंड कुठे, ओटा किती अंतरावर, स्वामी कुठे बसले : अलंकार नाही, विशेषण क्वचित, पण वाचणारा आजही त्या जागी जाऊन उभा राहू शकतो. रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'त लोणारही येते. म्हणजे एका लघुग्रहाने केलेली जागा सातशे वर्षांपूर्वीच मराठी गद्यात 'स्थान' म्हणून नोंदली गेली आहे, ती कशाने झाली हे ठाऊक नसताना. ऑर्बिटरची ती दहा ओळींची फाइल मी प्रथम उघडली तेव्हा मला स्थानपोथीच आठवली होती. विद्यार्थ्यांना मी आता तोच स्वाध्याय दिला आहे. इटोकावावरच्या एका जागेची नोंद, शंभर शब्दांत, उपमा न वापरता. 'वर' आणि 'खाली' हे शब्द वापरायचे तर ते कोणत्या आधाराने, हे आधी ठरवून. झिरो माइलच्या दगडाला देशाचा मध्य मानणाऱ्या गावातल्या मुलांना दिशांचा हा प्रश्न चांगलाच अडवतो आहे. आलेल्या नोंदींपैकी निम्म्या पहिल्याच वाक्यात अडखळल्या आहेत. दोन मात्र वाचनीय आहेत, आणि त्यांतली एक पूर्ण नागपुरीत आहे.

अपोफिस हा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह २०२९ मध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही आतून, जाणार आहे. तो आदळणार नाही हे आता पक्के झाले आहे, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला शत्रू करण्याची सोय उरलेली नाही. भारतीय वेळेनुसार तो सर्वांत जवळ असेल १४ एप्रिलच्या पहाटे, सव्वातीनच्या सुमारास. त्या रात्री नागपूर झोपत नाही. संविधान चौकात आणि दीक्षाभूमीवर मध्यरात्रीपासून लोक असतात. तोवर स्वाध्यायाच्या वहीत अपोफिसचेही एक पान असावे, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे आहे. फाइल त्यांनी तयार केली आहे. त्रिज्येच्या आकड्यावर अजून वाद चालू आहे.